ण, ळ आणि शिफ्टची कळ

इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘माणूस’ हा शब्द टंकून पाहा. म इंग्रजी सीच्या कळीवर आहे, काना ईच्या कळीवर, आणि ण पुन्हा सीच्याच कळीवर, शिफ्ट दाबून. या तिन्ही दाबांची जबाबदारी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर येते. ते खालच्या ओळीतून वरच्या ओळीत जातं आणि लगेच खाली परत येतं, शिवाय तेवढ्यात उजव्या करंगळीला शिफ्ट धरून ठेवावी लागते. ‘आणि’ टंकताना तर दोन अक्षरांना शिफ्ट लागते आणि दोन्ही त्याच बोटाची. मराठीत ‘आणि’शिवाय परिच्छेद सहसा पुरा होत नाही.

दिवसातले चार-सहा तास मराठी मजकूर टंकणाऱ्यांसाठी हा लेख आहे: अनुवादक, उपसंपादक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, वकिलांच्या आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत बसणारे टंकलेखक. संगणकाबरोबर आलेली मांडणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते आणि ती फाइल बदलता येते. किती बदलायची आणि कुठे थांबायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: इनस्क्रिप्टचा सांगाडा तसाच ठेवा, मराठीला नडणाऱ्या चार-पाच कळा तेवढ्या हलवा.

इंग्रजीच्या इतिहासातून हेच शिकायला मिळतं. आजची क्वर्टी मांडणी १८७०च्या दशकात शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राबरोबर आली. सिॲटलमधले शिक्षण-मानसशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनी १९३६ साली स्वतःच्या मांडणीचं पेटंट घेतलं. तिच्यात मधल्या ओळीत डाव्या हाताखाली पाचही स्वर एकत्र होते आणि नेहमी लागणारी व्यंजनं उजवीकडे होती. मांडणी विचारपूर्वक केलेली होती, पण जवळपास प्रत्येक कळ नव्याने शिकावी लागत असल्याने ती थोड्या लोकांपुरतीच राहिली. २००६ साली आलेल्या कॉलेमॅकने क्वर्टीतल्या १७ कळा हलवल्या आणि बाकीच्या जागेवर ठेवल्या. झेड, एक्स, सी, व्ही यांना तर मुद्दाम हात लावला नाही, कारण कापणं, नक्कल करणं, चिकटवणं या सवयी तिथे असतात. कमी बदलात जास्त फायदा काढण्याची ही रीत मराठीसाठीही उपयोगाची आहे.

इनस्क्रिप्ट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आणली आणि १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ती समाविष्ट झाली. कल्पना उत्तम होती: बाराखडी बहुतेक भारतीय लिप्यांना समान असल्यामुळे क ची कळ देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत एकाच ठिकाणी. स्वर आणि त्यांची चिन्हं डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. व्यंजनामागून स्वरचिन्ह येतच असतं, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ‘काका’, ‘पोरगी’, ‘दिसते’ टंकताना हा ताल लगेच जाणवतो, आणि त्या तालासाठीच मी इनस्क्रिप्ट सोडायला सांगत नाही.

ताल मोडतो तो खालच्या ओळीत. म, ण, न आणि व ही व्यंजनं डाव्या हाताकडे आली आहेत. म आणि ण यांच्या मागून काना आला किंवा पाय मोडायचा झाला, की मधलं बोट स्वतःच्याच कळीवरून स्वतःच्या दुसऱ्या कळीवर जातं. ‘म्हणून’ची सुरुवातच अशी अडखळत होते. न आणि व यांच्या मागून वेलांटी किंवा उकार आला, की तीच गत तर्जनीची. दुसरी अडचण सर्वांसाठी एकच मांडणी केल्यामुळे आली आहे. ळ ही ल ची शिफ्ट आहे. हिंदीला ळ लागत नाही, त्यामुळे तिथे याचा त्रास कोणाला होत नाही. आपलं मात्र शाळा, वेळ, सगळे, काळजी यांच्याशिवाय पान हलत नाही. उलट नुक्त्याला शिफ्टविना स्वतंत्र कळ आहे, आणि शुद्ध मराठी मजकुरात नुक्ता लागतच नाही. तमिळ-मल्याळम नावं लिप्यंतरित करण्यासाठी ठेवलेली ऩ आणि ऴ ही अक्षरंही मराठी टंकणाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षं लागत नाहीत. म्हणजे जागा आहेत, फक्त त्या आपल्या उपयोगाच्या अक्षरांना मिळालेल्या नाहीत.

काहीही बदलण्याआधी स्वतःचा मजकूर मोजा. दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका. न्यायालयीन अर्ज टंकणाऱ्याचा आणि बालकथा लिहिणाऱ्याचा मजकूर वेगळा असतो. गेल्या काही महिन्यांतलं तुमचं लिखाण एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकत्र करा. पायथन येत असेल तर चार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांची आणि लागोपाठ येणाऱ्या जोड्यांची गणती होते. येत नसेल तर वर्डमधल्या शोधपट्टीत ण, ळ, ऱ, आ, श असं एकेक टाकून किती वेळा सापडतं ते कागदावर उतरवा. युनिकोडच्या हिशेबाने मोजायचं, डोळ्यांना दिसतं तसं नव्हे: ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण ते क, पायमोड, ष आणि पहिली वेलांटी असे चार सांकेतिक क्रमांक आहेत. जोड्या मोजणं अक्षरं मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण थकवा एकट्या अक्षराने कमी आणि एका बोटाला लागोपाठ दोनदा कामाला लावणाऱ्या जोडीने जास्त येतो.

आता बदल. मी सुचवतो तो आराखडा असा. नुक्त्याच्या कळीवर ण आणा. ती उजव्या करंगळीची कळ आहे, ड च्या पलीकडची, त्यामुळे बोट थोडं ताणावं लागतं. पण शिफ्ट जाते, आणि ण उजवीकडे आल्याने पुढचा काना, वेलांटी, पायमोड डाव्या हाताला मिळतात. ‘माणूस’ची तिहेरी उडी तिथेच संपते. हात लहान असेल किंवा करंगळी आधीच दुखरी असेल तर हा बदल करू नका. नुक्ता कधीतरी लागेल म्हणून तो त्याच कळीवर उजव्या ऑल्टसह ठेवून द्या. ळ इंग्रजी झेडच्या कळीवर आणा. मूळ मांडणीत मराठीच्या दृष्टीने ती कळ मोकळीच आहे. त्याच कळीच्या शिफ्टवर ॲ ठेवा.

ॲ बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे गोंधळ फार आहे. ॲ आणि ऍ डोळ्यांना जवळचे वाटतात, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याचा क्रमांक यू+०९७२. राज्य सरकारच्या २००९च्या वर्णमालेतही हाच ॲ आहे. जुन्या मांडण्यांत एकच्या आकड्यावर शिफ्टसह ऍ मिळतो. एकाने ‘ॲप’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘ऍप’, तर शोध घेताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. दैनिकाच्या संग्रहात किंवा ग्रंथालयाच्या सूचीत याची मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून तुमच्या मांडणीतून ऍ काढूनच टाका आणि त्या जागी उद्गारचिन्ह परत आणा, इंग्रजीत असतं तिथेच.

प्रश्नचिन्हाचंही तेच. य च्या कळीच्या शिफ्टवर मूळ मांडणीत नुक्त्याचा य़ आहे, आणि इंग्रजीत त्याच जागी प्रश्नचिन्ह असतं. अनेक जण एका प्रश्नचिन्हासाठी भाषा बदलतात, चिन्ह टाकतात आणि पुन्हा मराठीत येतात. य़ हटवा, प्रश्नचिन्ह बसवा. अवतरणचिन्हं, अपूर्णविराम, अर्धविराम उजव्या ऑल्टच्या थरात त्यांच्या इंग्रजी कळींवरच ठेवले की वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता ऱ्य. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, तसंच ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’. यांतला ऱ मराठीत एकटा येत नाही, त्याचा पाय मोडलेलाच असतो. तर मग र च्या शिफ्टवर ऱ ऐवजी पाय मोडलेला ऱ्, म्हणजे दोन्ही सांकेतिक क्रमांक एकदम, ठेवा. पुढे य दाबला की ऱ्य, ह दाबला की ऱ्ह. वेगळ्या दोन कळा अडवायची गरज नाही. र, पायमोड आणि अदृश्य जोडणी-चिन्ह असा दुसराही मार्ग काही जण वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना पुन्हा वेगळे पडतात. मी ऱ चाच मार्ग घ्या असं म्हणेन.

एका वाक्यावर हिशेब करू: ‘आणि दुसऱ्या दिवशी सगळे शाळेत आले’. मोकळ्या जागा सोडल्या तर मूळ इनस्क्रिप्टवर २७ कळा आणि त्यांतल्या ८ वेळा शिफ्ट, म्हणजे ३५ दाब. वरच्या बदलांनंतर २६ कळा आणि ५ शिफ्ट, म्हणजे ३१. उरलेल्या पाचांतल्या दोन शिफ्ट ‘आ’साठी आहेत आणि त्याही वाचवता येतात. ते पुढे सांगतो.

हे करायचं कशाने? विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर मोफत मिळतं. जुनं असलं तरी कामाला पुरेसं आहे. कोऱ्या पानावरून सुरुवात करू नका. फाइल मेनूतून संगणकातली सध्याची मराठी किंवा देवनागरी इनस्क्रिप्ट मांडणी उघडा आणि लगेच वेगळ्या नावाने साठवा. पडद्यावर कळफलकाचं चित्र येतं. कळीवर क्लिक केलं की अक्षर भरायची चौकट उघडते, आणि त्याच कळीचे शिफ्ट व उजव्या ऑल्टचे थरही तिथून दिसतात. एका कळीतून चार सांकेतिक क्रमांकांपर्यंत मजकूर निघू शकतो, त्यामुळे ऱ् ला अडचण नाही. प्रकल्पाच्या मेनूत तपासणी आणि चाचणीची सोय आहे. चाचणीच्या खिडकीत तुमचे नेहमीचे शब्द टंकून पाहा आणि मगच इन्स्टॉल करायची फाइल तयार करा. मांडणीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला, नाहीतर दुरुस्तीनंतर जुनी आणि नवी यांत गल्लत होते. मॅकवर हेच काम युकलेली करतं. लिनक्सवर एक्सकेबीच्या फाइलमध्ये ओळी लिहाव्या लागतात, पण लिनक्स वापरणाऱ्यांना त्याची भीती नसते.

याच्या पुढची पायरी म्हणजे कीमॅन. एसआयएल या संस्थेचं हे साधन मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं. साधी मांडणी प्रत्येक कळीला एकच उत्तर देते. कीमॅनला मात्र आधी काय टंकलंय ते पाहून उत्तर बदलायला सांगता येतं. देवनागरीत हे फार मोलाचं आहे. काना शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकत नाही, आणि दुसऱ्या स्वरचिन्हाच्या मागेही येऊ शकत नाही. मग नियम असा लिहायचा: आधी व्यंजन असेल तर या कळीतून काना, नसेल तर आ. वेलांट्या, उकार, मात्रा सगळ्यांना हाच नियम. पाय मोडण्याच्या कळीतून शब्दाच्या आरंभी अ. एवढं केलं की ‘आई’, ‘आले’, ‘उद्या’ यांना शिफ्ट लागत नाही, आणि ‘जाऊन’, ‘घेऊन’, ‘होईल’ हे मराठी क्रियापदांत सतत येणारे ऊ आणि ई आपोआप मिळतात. वरचं उदाहरण २९ दाबांवर येतं. ‘मऊ’ आणि ‘सई’ यांसारख्या शब्दांत व्यंजनामागे पूर्ण स्वर लागतो, म्हणून शिफ्टवरचे स्वर काढू नका. मधेच कर्सर हलवून दुरुस्ती करताना काही प्रोग्रॅम आधीचं अक्षर कीमॅनला कळवत नाहीत, तिथे चुकीचं चिन्ह येऊ शकतं. त्या वेळीही शिफ्टवरचा स्वर उपयोगी पडतो. मांडणी जुळवण्यातला सर्वांत मोठा फायदा मला इथेच दिसतो, आणि प्रोग्रॅमिंगची थोडी सवय असलेल्या प्रत्येकाने हे करून पाहावं.

‘मा’च्या जोडीवर मात्र मी मांडणीतून उपाय सुचवत नाही. म हलवायचा तर त्याच्याबरोबर आणखी दोन-तीन अक्षरं हलतात आणि इनस्क्रिप्टचा सांगाडाच सैल होतो. त्याऐवजी म डाव्या तर्जनीने दाबायची सवय करा. खालची ओळ मुळात तिरकी असल्यामुळे तर्जनी तिथे सहज पोहोचते. मग काना किंवा पायमोड मधल्या बोटाला मोकळेपणाने घेता येतो. यासाठी कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही.

शिफ्टचा जाच आणखी दोन मार्गांनी कमी होतो. विंडोजमधल्या स्टिकी कीज चालू केल्या, तर शिफ्ट धरून न ठेवता आधी एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागू होते. संधिवात असणाऱ्यांना किंवा एका हाताने टंकणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. दुसरा मार्ग खर्चाचा: क्यूएमके किंवा झेडएमके फर्मवेअर चालणारे कळफलक. त्यांत शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते, आणि अंगठ्याला एरवी मोकळ्या जागेच्या कळीशिवाय काम नसतं. पण अशा कळफलकात इंग्रजीसाठी कॉलेमॅक किंवा ड्वोराक भरून ठेवलं, तर मराठी मांडणी विस्कटते, कारण संगणक कळीच्या जागेवरून अक्षर ठरवतो आणि फर्मवेअरने त्या जागाच बदललेल्या असतात. इंग्रजीची मांडणी संगणकात बदला, फर्मवेअरमध्ये फक्त शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस हलवा.

रेमिंग्टन पद्धतीवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी हे सगळं वाचून अस्वस्थ व्हायचं कारण नाही. टंकलेखन यंत्रावर शिकलेले आणि मिनिटाला चाळीस शब्द काढणारे हात पुन्हा शून्यापासून शिकवण्यात अर्थ नाही; युनिकोडसाठी रेमिंग्टन मांडण्या उपलब्ध आहेत, त्या वापराव्यात. सरकारी परीक्षेला बसणाऱ्यांनीही थांबावं. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचं ३० शब्दांचं प्रमाणपत्र हवं असेल, तर ज्या मांडणीवर परीक्षा होणार तिचाच सराव करा. प्रमाणपत्र हातात आल्यावर स्वतःची मांडणी जुळवायला आयुष्य पडलंय.

सरावाबद्दल. सगळे बदल एकदम करू नका. एक कळ हलवा आणि तिची जुनी जागा काही दिवस रिकामी ठेवा. तिथे जुनं अक्षर उमटत राहिलं तर बोट नवी जागा शिकत नाही. रिकामी कळ दाबली की चूक तत्क्षणी कळते. मात्र नवी जागा अंगवळणी पडल्यावर जुन्या जागी तेच अक्षर परत ठेवायला हरकत नाही, कारण दुसऱ्याच्या संगणकावर बसण्याची वेळ येतेच. सरावासाठी अर्थहीन अक्षरमाला टंकू नका. वर्तमानपत्रातला एखादा उतारा घ्या. रोज वीस मिनिटं पुरतात. वेग सुरुवातीला कमी होईल, त्यामुळे अंक छपाईला जायच्या आठवड्यात किंवा प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात हा उद्योग काढू नका. मनगट किंवा बोटं दुखत असतील तर मांडणी बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि टेबल-खुर्चीची उंची पाहा. खांदे उचलून टंकणाऱ्याला कोणतीच मांडणी आराम देत नाही.

मांडणीची मूळ फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा, पेन ड्राइव्हवरही ठेवा. संगणक बदलला की तीच सोबत न्यायची असते. कळफलकाचं चित्र छापून पडद्याच्या कडेला लावा, कळींवर चिकटपट्ट्या मात्र लावू नका. नजर कळफलकावर गेली की हात शिकत नाहीत. कार्यालयात सामायिक संगणक असेल तर मूळ इनस्क्रिप्ट तशीच राहू द्या आणि तुमची मांडणी तिच्या शेजारी वेगळ्या नावाने बसवा, म्हणजे सहकाऱ्यांची अडचण होणार नाही.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या मजकुरातले ण आणि ळ मोजा आणि त्यांपैकी जो जास्त भरेल तो एकटा हलवा. बाकीच्या कळांकडे महिन्याभराने वळा.